‘स्यात्’च्या आडोशाला

2024 च्या डिसेंबरातली गोष्ट. लेकीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. जळगावहून विहीणबाई आणि त्यांच्या नणंदबाई आमच्याकडे सुरतला आल्या होत्या. चहा-नाश्ता झाला, साड्या बघून झाल्या आणि मी कपाटातून हिऱ्यांचा सेट काढला. गळ्यातलं, कानातलं आणि एक अंगठी. खिडकीतल्या उन्हात खडे असे काही लखलखले की नणंदबाई म्हणाल्या, “सुरतेचे हिरे ते सुरतेचेच!” विहीणबाईंनी अंगठी हातात घेतली, जरा तिरपी करून पाहिली आणि सहज विचारलं, “खरे आहेत ना हो?”

मी म्हटलं, “हो, म्हणजे काय! अगदी खरे.”

हे समोरच बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला.

तो सेट प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा होता. ज्याला इथे बाजारात ‘सीव्हीडी’ म्हणतात, तो. ह्यांचा धंदा कापडाचा, रिंग रोडच्या मार्केटात, आणि ते वर्ष फार मंदीचं गेलं होतं. धाकटे दीर हिऱ्यांत आहेत. तेच म्हणाले, “वहिनी, खाणीतल्या हिऱ्याच्या पैशांत एक अंगठी येईल, ह्यात अख्खा सेट होतो. आणि हाही हिराच आहे, काच नाही.” त्यात काही खोटं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर मी पुढे असंही म्हणाले असते की खाण खणायची नाही, जमिनीतल्या जिवांची हिंसा नाही, आपल्या धर्माला धरूनच आहे की! पण खरं कारण पैशाचं होतं, हे मला आणि ह्यांना दोघांनाही माहीत होतं.

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले. दुसऱ्या व्रतापाशी, स्थूल मृषावादापाशी आले आणि अडखळले. मैत्रिणींनो, तुम्हीही ते म्हणता. आपण किती भरभर म्हणून जातो! त्यात मोठ्या असत्यांची यादी आहे. जनावरांबद्दलचं, जमिनीबद्दलचं, ठेवीबद्दलचं, खोट्या साक्षीचं. आणि यादीत सगळ्यांत पहिलं आहे ते मुलीबद्दलचं, म्हणजे सोयरीक जुळवताना बोललेलं खोटं. इतक्या वर्षांपूर्वी ज्यांनी ही यादी केली, त्यांना माणूस कुठे घसरतो ते पक्कं ठाऊक असणार.

पण मन मोठं वकील असतं. मी स्वतःला समजावलं. हिरा म्हणजे काय? कार्बन. दोन्हींत कार्बनच. घडण तीच, कठीणपणा तोच. मग रसायनशास्त्राच्या अपेक्षेने माझं विधान सत्यच नाही का? आपला अनेकांत तेच तर सांगतो. स्यात् खरा, स्यात् खरा नाही. मी एका नयाने बोलले, एवढंच. झोप लागली.

*

पुढे 2025 च्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात एक व्याख्यान झालं. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, त्या निमित्ताने. वक्ते बोलायला छान होते. त्यांचं म्हणणं असं, की विज्ञानाला जे शंभर वर्षांपूर्वी कळलं ते आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. इलेक्ट्रॉन लहरही आहे आणि कणही आहे, हाच आपला स्याद्वाद. सत्य पाहणाऱ्यावर अवलंबून असतं, बघणारा बदलला की सत्य बदलतं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या. माझ्या डिसेंबरातल्या उत्तराला आता शास्त्राबरोबर विज्ञानाचाही आधार मिळाला होता ना!

त्याच आठवड्यात नंदुरबारहून माझा भाचा आला. पुण्याला फिजिक्सचं एम.एस्सी. केलेला, आता शिकवतो. मी उत्साहाने त्याला व्याख्यानाचा सारांश सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मावशी, पाहणारा बदलला की सत्य बदलतं असं क्वांटम सिद्धांत म्हणत नाही. तो काय म्हणतो ते दाखवू का?”

दुसऱ्या दिवशी त्याने पोलरॉइडच्या तीन चौकोनी पट्ट्या आणल्या. उन्हाचे काही चष्मे असतात ना, त्यांच्या काचेला जो थर असतो तसल्या. मी बी.ए.ची बाई, मराठी आणि इतिहास घेऊन झालेली. गणिताशी दहावीनंतर फारकत. पण त्या दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून मी जे पाहिलं, ते तुम्हालाही कळेल असं सांगते.

एक पट्टी उजेडासमोर धरली. उजेड थोडा मंद झाला. दुसरी पट्टी तिच्यावर आडवी धरली, म्हणजे पहिली उभी असेल तर ही काटकोनात. अंधार! पलीकडचं काही दिसेना. पहिली पट्टी फक्त ‘उभा’ उजेड सोडते, दुसरी फक्त ‘आडवा’. मग उरणार काय? इथपर्यंत मला पटलं. मग भाच्याने तिसरी पट्टी त्या दोघींच्या मध्ये तिरपी सरकवली, 45 अंशांत. आणि अंधार होता तिथून उजेड येऊ लागला!

मी म्हटलं, “अरे, अडवणारी आणखी एक आली आणि उजेड वाढला?” दोन दारं बंद असताना मध्ये तिसरं दार लावलं आणि माणूस आत आला, असा प्रकार. तीच तिसरी पट्टी दोघींच्या पुढे किंवा मागे धरली तर अंधार तसाच राहतो. मध्येच धरायला हवी. म्हणजे क्रमाला महत्त्व आहे.

भाचा म्हणाला, “उजेड लहर आहे असं मानूनही हे समजावता येतं. पण उजेड खरं तर कणाकणाने येतो. एकेका कणाला फोटॉन म्हणतात. फोटॉनचे तुकडे होत नाहीत. अर्धा फोटॉन पट्टीतून गेला, अर्धा राहिला, असं नाही. एक तर जातो, नाही तर अडतो. कुठला जाईल ते आधी सांगता येत नाही. फक्त शक्यता सांगता येते. आणि ती शक्यता काढायचं जे गणित, तोच क्वांटम सिद्धांताचा गाभा.”

ते गणित त्याने पोळपाटावर पीठ पसरून बोटाने काढलं. एक बाण काढला, लांबी 1. हा फोटॉनचा ‘उभेपणा’. पट्टी जितकी तिरपी, तितकी ह्या बाणाची सावली तिच्यावर आखूड पडते. 45 अंशांवर सावली साधारण 0.707. आता ह्या सावलीचा वर्ग करायचा. आला अर्धा. म्हणजे शंभर उभे फोटॉन पाठवले तर साधारण पन्नास पलीकडे जातील. जे गेले ते आता तिरपे झाले. त्यांना पुढची आडवी पट्टी पुन्हा 45 अंशांवर, म्हणून पुन्हा अर्धे. शंभरातले पंचवीस. मधली पट्टी नसेल तर उभ्या बाणाची आडव्यावर सावलीच पडत नाही. शून्य.

मी विचारलं, वर्गच का? तो म्हणाला, “पायथागोरस, मावशी. बाणाची एक सावली ‘जाण्या’च्या दिशेला पडते, दुसरी ‘अडण्या’च्या. दोन्ही सावल्यांच्या वर्गांची बेरीज बाणाच्या वर्गाइतकी, म्हणजे 1. जाण्याची आणि अडण्याची शक्यता मिळून एकच व्हायला हवी, म्हणून वर्ग.” शाळेत पाठ केलेला काटकोन त्रिकोण इतक्या वर्षांनी पोळपाटावर असा भेटला.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. ह्या बाणांची बेरीज शक्यतांच्या बेरजेसारखी नसते. माझ्या घरून देरासरला जायला दोन रस्ते असतील, तर दोन्ही उघडे असताना पोचायची शक्यता वाढते, कमी होत नाही. पण कणाच्या बाबतीत दोन रस्त्यांचे दोन बाण असतात, आणि ते एकमेकांच्या उलट असतील तर बेरीज शून्य. आधी बेरीज, मग वर्ग. दोन्ही वाटा मोकळ्या, आणि तरी काही ठिकाणी कण पोचतच नाही! प्रकाशाच्या प्रयोगात जे काळे पट्टे दिसतात ते ह्यामुळे.

हे सगळं कसं सापडलं, तेही ऐकण्यासारखं आहे. 1925 च्या जूनमध्ये वेर्नर हायझेनबर्ग नावाचा तेवीस वर्षांचा जर्मन तरुण परागकणांच्या त्रासाने हैराण होऊन हेल्गोलँड बेटावर जाऊन राहिला. तिथे त्याला एक विचित्र गुणाकार सुचला. त्यात पहिल्याला दुसऱ्याने गुणलं की एक उत्तर येई आणि दुसऱ्याला पहिल्याने गुणलं की वेगळं. त्याचे वरिष्ठ माक्स बोर्न यांनी ओळखलं, की गणितज्ञांकडे हे आधीच आहे, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. क्रम बदलला की उत्तर बदलतं, ह्यात आपल्याला नवल वाटायला नको. तापल्या तेलात मोहरी टाकून मग पाणी घातलं तर आमटी होते. पाण्यात मोहरी टाकून वर तेल ओतलं तर काय होतं ते कुठल्याही सुनेला विचारा. कणाचं ठिकाण आधी विचारलं की वेग आधी विचारला, ह्याने फरक पडतो. तो फरक इतका बारीक, की तो मोजणारा प्लँकचा स्थिरांक आपल्या नेहमीच्या मापांत लिहिताना दशांश चिन्हानंतर 33 शून्यं द्यावी लागतात. म्हणून आपल्या वरणभातात तो जाणवत नाही.

आणि तो वर्ग करायचा नियम? तो बोर्ननी 1926 मध्ये मांडला. निबंधात त्यांनी आधी नुसती सावली हीच शक्यता असं लिहिलं होतं. मग छपाईच्या वेळी तळटीप घातली, की नाही, वर्ग करायला हवा. 1954 साली त्यांना नोबेल मिळालं ते ह्या शक्यतेच्या अर्थासाठी. हेच बोर्न 1935-36 मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बेंगळुरूला राहून गेले. ती तळटीप मात्र माझ्या डोक्यात घर करून बसली. इतक्या मोठ्या माणसानेही आधी चूक लिहिलं आणि वेळेत दुरुस्त केलं.

*

आता वक्त्यांच्या मुद्द्याकडे. आपल्या स्याद्वादाचा आणि ह्या विज्ञानाचा संबंध कोणी जाणत्यांनी जोडलाच नाही असं नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी आपल्या देशात संख्याशास्त्र उभं केलं, त्यांनी 1954 मध्ये एका निबंधात सप्तभंगीचा विचार संख्याशास्त्राच्या पायाशी जोडून दाखवला. जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1957 मध्ये स्याद्वादावर लिहिलं. आणि दौलतसिंह कोठारी! उदयपूरच्या जैन घरातले, 1906 चा जन्म, केंब्रिजला रदरफर्ड यांच्या हाताखाली शिकलेले. आपण त्यांना 1964 ते 66 च्या शिक्षण आयोगामुळे ओळखतो, पण ते मुळात भौतिकशास्त्रज्ञ. नील्स बोर यांच्या जन्मशताब्दीच्या ग्रंथासाठी त्यांनी बोर यांचं पूरकतेचं तत्त्व आणि आपलं तत्त्वज्ञान शेजारी शेजारी ठेवून पाहिलं.

बोर यांचं म्हणणं थोडक्यात असं: कणपणा आणि लहरपणा ही दोन चित्रं एकाच मांडणीत एकदम दिसत नाहीत, पण पुरं समजायला दोन्ही लागतात. ती परस्परविरोधी नाहीत, पूरक आहेत. गंमत बघा, 1947 मध्ये डेन्मार्कने त्यांना जो मोठा मान दिला त्याचं नाव ‘ऑर्डर ऑफ द एलिफंट’. आपल्या आंधळ्यांच्या गोष्टीतला हत्तीच जणू त्यांना भेटायला गेला!

साम्य आहे, आणि ते सुंदर आहे. पण शेजारी ठेवणं वेगळं आणि एकच म्हणणं वेगळं. कोणाशीही साम्य दिसलं की ‘हे आमचंच’ म्हणायची आपल्याला घाई असते. त्या घाईत आपण विज्ञान तर शिकत नाहीच, पण धर्मही नीट वाचत नाही. मी दोन्हीकडचं थोडं थोडं वाचलं तेव्हा मला तीन ठिकाणी फरक दिसला.

पहिला. ‘स्यात्’चा अर्थ ‘कदाचित’ नव्हे. आपल्या आचार्यांनी हे परोपरीने सांगितलं आहे. स्यात् म्हणजे कथंचित्, अमुक अपेक्षेने. ‘घडा स्यात् आहे’ म्हणजे ‘असेल बुवा’ असं नाही. माती, जागा, काळ, रूप ह्या त्याच्या स्वतःच्या अपेक्षेने तो निश्चित आहे. स्यात्च्या पाठोपाठ ‘एव’, म्हणजे ‘च’, येतो तो ह्यासाठी. क्वांटम सिद्धांतातलं ‘इतक्या शक्यतेने’ ही वेगळीच चीज.

दुसरा फरक मोठा. आपण मानतो की वस्तूमध्ये अनंत धर्म मुळातच आहेत. आपल्याला एकेक दिसतो ही आपली मर्यादा; केवलज्ञान्याला सगळे एकदम दिसतात. विज्ञानात ह्याच मुद्द्यावर रण माजलं. आइन्स्टाइनना वाटे, की आपण बघो न बघो, कणाकडे त्याचं उत्तर असलंच पाहिजे. 1964 मध्ये जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाने तपासायची रीत काढली आणि त्या दिशेच्या प्रयोगांसाठी 2022 चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर या तिघांना मिळालं. निष्कर्ष असा, की कण सगळी उत्तरं खिशात घेऊनच येतो आणि दूरच्या कशाचाही त्याच्यावर तत्काळ परिणाम होत नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवता येत नाहीत. कुठली सोडायची, ह्यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. मला आपली श्रद्धा सोडायची नाही, पण विज्ञानाने ती सिद्ध केली असंही मला म्हणता येणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने बोलायची तर प्रामाणिकपणा एवढा हवाच.

तिसरा फरक मला सगळ्यांत उपयोगी पडला, आणि खरं तर तो फरक नव्हेच. तिथे दोघांचं जमतं, आणि वक्त्यांनी नेमकं उलट सांगितलं. सत्य पाहणाऱ्याच्या मर्जीवर असतं असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. पट्टी कशी धरायची ते माझ्या हातात. पण एकदा धरली, की उजेड किती येणार ते माझ्या हातात नाही. शंभरातले साधारण पंचवीस म्हणजे पंचवीस. सुरतेत नाही, नंदुरबारला नाही, टोकियोतही नाही, कुठेच तीस होणार नाहीत. बोर तर म्हणत, की उत्तर सांगताना प्रयोगाची सगळी मांडणी सांगायला हवी. मांडणी वगळून दिलेलं उत्तर अर्धवट असतं. आणि आपण? आपण नय आणि दुर्नय असा भेद करतो. एक बाजू सांगणं आणि दुसऱ्या बाजूंना जागा ठेवणं हा नय. एकच बाजू सांगून तीच पूर्ण आहे असं भासवणं हा दुर्नय.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. विहीणबाईंनी विचारलेला प्रश्न कुठला होता? हिरा कार्बनचा आहे का, हा नव्हता. काच आहे की हिरा, हाही नव्हता. सोयरिकीच्या बैठकीत, दागिना हातात घेऊन, एक बाई दुसऱ्या बाईला ‘खरे आहेत ना’ म्हणून विचारते, तेव्हा त्या प्रश्नाची मांडणी आम्हा दोघींना पुरती ठाऊक होती. खाणीतला आहे का, आणि त्या भावाचा आहे का. मी एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. उभ्या पट्टीला आडव्या पट्टीचा हिशेब दाखवला. ‘स्यात्’ मनातल्या मनात म्हटलं आणि तोंडाने नुसतं ‘अस्ति’ म्हटलं. स्यात् उच्चारला असता, म्हणजे ‘घडणीने खरा, खाणीतला नव्हे’ एवढी चार अक्षरं जास्त बोलले असते, तर ते सत्य झालं असतं. न उच्चारल्यामुळे ते असत्य झालं. स्यात् हा पळवाटेचा शब्द नाहीच, बाई! तो तर आपल्याला जास्त बोलायला लावणारा, आपली अपेक्षा उघड करायला लावणारा शब्द आहे.

*

मग मी दीरांना हिऱ्याबद्दल खोदून विचारलं. महिधरपुऱ्यात त्यांची छोटी कचेरी आहे. तिथे पुड्यांचे कागद उलगडता उलगडता त्यांनी बरंच सांगितलं. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरच्याही खाली तयार होतो, आणि त्याचं वय कोटी नव्हे, अब्ज वर्षांत मोजतात. सीव्हीडीचा हिरा यंत्रात मिथेन आणि हायड्रोजन वायूंपासून, हिऱ्याच्याच पातळ चकतीवर, थरावर थर असा काही आठवड्यांत वाढतो. डोळ्याला फरक दिसत नाही. साध्या टेस्टरलाही कळत नाही, कारण दोन्ही हिरेच. 2018 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. पण विकताना तो प्रयोगशाळेतला आहे हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे, हा दंडक ठेवला. बघा, व्यापाराच्या कायद्यालाही स्यात् कळला, मलाच कळला नव्हता.

“मग ओळखतात कसं?” मी विचारलं. दीर म्हणाले, मोठ्या यंत्राने. आणि त्या यंत्राचं काम काय, ते भाच्याने फोनवर समजावलं. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू मिसळलेले असतात. सुरुवातीला ते एकेकटे असतात, पण खोल जमिनीच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षं सरकत सरकत ते दोन-दोन, चार-चार असे एकत्र येतात. आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्याला ती उसंत मिळत नाही. ह्या अणूंवर प्रकाश टाकला की ते ठरावीक रंगच शोषतात किंवा परत फेकतात, कारण अणूंतल्या इलेक्ट्रॉनना ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच चढता येतात. हाच क्वांटम नियम. म्हणजे हिरा तोच, पण त्याच्या आत त्याचा काळ लिहिलेला असतो. योग्य प्रश्न विचारला की तो खरं सांगतो. हिरा सांगतो, आणि मी सांगितलं नव्हतं.

त्याच नायट्रोजनची आणखी एक गोष्ट. नायट्रोजनचा एक अणू आणि त्याच्या शेजारी कार्बनची रिकामी जागा, अशी जोडी हिऱ्यात कधीकधी असते. दागिन्याच्या नजरेने हा दोषच. पण तिच्यावर हिरवा प्रकाश टाकला की ती लाल चमकते, आणि जवळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे ती चमक कमीजास्त होते. त्यामुळे अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजायला शास्त्रज्ञ असला ‘दोषी’ हिरा मुद्दाम घडवतात. आयआयटी मुंबईत ह्यावर काम चालतं. 2024 मध्ये टीसीएसबरोबर त्यांनी चिपच्या आत पाहणारं असं हिऱ्याचं क्वांटम यंत्र बनवायचं ठरवलं. एकाच गोष्टीला सुरतेच्या बाजारात दोष म्हणतात आणि पवईच्या प्रयोगशाळेत गुण. पण दोघंही आपापली फूटपट्टी टेबलावर ठेवून बोलतात. पवईचा गुण सांगून सुरतेत कोणी भाव चढवू लागला, तर त्याला आपण काय म्हणू?

*

पर्युषण आलं. संवत्सरीला सकाळपासून फोनवर त्याच त्या फुलांच्या चित्रांचा पाऊस. मन-वचन-कायेने काही चुकलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्. मीही दरवर्षी दोनशे जणांना पाठवते. ह्या वर्षी ते ‘असल्यास’ माझ्याच्याने पाठववेना. काय चुकलं, कोणाशी चुकलं, कधी चुकलं, हे ठाऊक असताना ‘असल्यास’ कसलं? क्षमा मागतानाही मी अपेक्षा लपवतच होते.

दुपारी विहीणबाईंना फोन लावला. हात थरथरत होते. इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं: डिसेंबरात तुम्ही विचारलंत, हिरे खरे आहेत ना, मी हो म्हटलं, ते सीव्हीडीचे आहेत, खाणीतले नाहीत, तेव्हा आमची तेवढीच ऐपत होती, मी तुम्हाला खोटं सांगितलं, त्याची क्षमा मागते.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “हिऱ्याचं सोडा. पण मी तुम्हाला माझ्या मनात कुठे ठेवलं होतं, ते आठवतंय.” आणि थोड्या वेळाने, “ठीक आहे. खमावते मीही.”

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. काही आठवडे त्यांचे फोन आखडते झाले. लेक माझ्यावर रागावली, “आई, आता सांगायची काय गरज होती? कोणाला कळणार होतं?” तिच्या प्रश्नातही अर्थ आहे. त्या घरात तिला राहायचं आहे, मला नाही. माझ्या मनाचं ओझं उतरवताना मी ते तिच्या डोक्यावर ठेवलं का, ह्याचा विचार मी अजून करते. सत्य कोणत्या वेळी, कोणाच्या जिवावर बोलायचं, ह्याचं गणित पोळपाटावरच्या पिठात मांडता येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की डिसेंबरातच बोलले असते तर त्याची किंमत माझी मी मोजली असती. उशिरा बोलले, म्हणून दुसऱ्यांना मोजावी लागली. बोर्ननी आपली दुरुस्ती छापून होण्याआधी घातली, मी छापून झाल्यावर.

दिवाळीला विहीणबाई आल्या तेव्हा लेकीने तीच अंगठी घातली होती. शेजारच्या कोणीतरी तिचा हात हातात घेऊन विचारलं, “खरे आहेत का ग?” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लेक उत्तर द्यायच्या आधी विहीणबाईच म्हणाल्या, “हिरेच आहेत, पण प्रयोगशाळेतले. सुरतेला बनतात आता. छान आहेत ना?”

मी आत वळले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.